सज्ज्यातली ऐतिहासिक दोरी

मुळात बनियन हा काही लाजण्यासारखा कपडा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. धुतलेला असेल तर मुळीच नाही, आणि माझा धुतलेला होता. तरीही एक सरकारी समिती, एक हॉटेल मॅनेजर आणि परगावाहून आलेले कितीतरी पाहुणे त्याच्याकडे टक लावून बघत उभे होते, आणि त्या घोळक्यात माझी बायकोही होती. असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. माझ्यावर तो बायकोच्या पन्नाशीमुळे आला.

झालं असं, की पन्नासावा वाढदिवस जवळ आला तेव्हा मी मोठ्या मनाने म्हटलं, "तुला काय हवं ते माग." नवऱ्यांनी असं म्हटलं की बायका "मला मेलीला काय हवंय" म्हणतात आणि विषय मिटतो, अशी माझी समजूत. त्या भरवशावरच मी बोललो होतो. पण त्या वेळी ती गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली वाकून उभी होती. तिने माझ्या लेंग्याचा पाय तोंडावरून बाजूला सारला आणि म्हणाली, "चौकातल्या त्या जुन्या हॉटेलात एक रात्र राहायचंय. वरच्या मजल्यावर, सज्जा असलेल्या खोलीत. संध्याकाळी सज्ज्यात बसून निवांत चहा प्यायचा. समोर नुसतं आभाळ पाहिजे. दोरी नको."

"हॉटेलात कशाला असेल दोरी?"

"नसेल ना. म्हणूनच जायचंय."

आता या दोरीबद्दल सांगायला हवं. आमचं घर दोन खोल्यांचं, आणि पुढे एक चिंचोळी गॅलरी. गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत कपड्यांची दोरी. ती आम्ही राहायला आलो तेव्हा मी स्वतः बांधली. घरात माझ्या हातून झालेली आणि टिकलेली ही एकच गोष्ट आहे. मी ठोकलेली खुंटी भिंतीचा तुकडा घेऊन खाली आली, मी बसवलेला नळ बंद केला की जास्त गळतो, पण त्या दोरीची गाठ आजवर तसूभर सरकलेली नाही. आल्यागेल्याला मी ती आवर्जून दाखवतो. अशा वेळी बायको न चुकता स्वयंपाकघरात निघून जाते. नवऱ्याचं कौतुक ऐकताना तिला अवघडल्यासारखं होत असावं.

तर ते हॉटेल. चौकाच्या टोकाला, पाण्याला तोंड करून उभी असलेली जुनी दगडी इमारत. लोक लांबून येऊन तिच्यासमोर फोटो काढतात. मी रोज ऑफिसला जाताना तिच्यावरून जातो, आणि दारावरचा मिशाळ दरबान रोज माझ्याकडे बघून मी आत तर शिरणार नाही ना याची खात्री करून घेतो. त्या हॉटेलात मी खोली घेतली. पैसे कुठून आणले ते विचारू नका. तो विषय आमच्या घरात बंद झालाय.

पहिली अडचण ऑफिसात आली. मी मोजणी खात्यात आहे. लोकांच्या घरांची, भिंतींची, ओट्यांची मापं घ्यायची आणि मग त्यांना काहीही करू द्यायचं नाही, असं आमचं काम. रजेच्या अर्जावर मी कारण लिहिलं, 'हॉटेलात राहणे'. साहेबांनी चष्मा वर केला. "गाव सोडून जाताय?"

"नाही साहेब. इथल्याच हॉटेलात."

"म्हणजे गावातच राहायचंय. गावात राहायला रजा कशाला? आम्ही सगळे रजा न घेता गावातच राहतो."

शेवटी कारण बदलून 'प्रकृती' असं लिहिलं. कोणाची प्रकृती ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दुसरी अडचण म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ. सगळी बिल्डिंग त्यांना 'अनुभवी' म्हणते, कारण जी गोष्ट त्यांनी जन्मात केलेली नाही तिचाच त्यांना दांडगा अनुभव असतो. लग्नाच्या वाटेला न जाता ते आम्हा सगळ्यांच्या संसाराला सल्ले देतात. हॉटेलचं त्यांच्या कानावर कसं गेलं कोण जाणे, पण जिन्यातच त्यांनी मला गाठलं.

"खोलीत छोटा फ्रिज असतो," ते आवाज खाली आणून म्हणाले. "त्यातली वस्तू उचलली नाही, नुसती हलवली तरी बिलात लागते. दार उघडून बघायचंसुद्धा नाही."

"बरं."

"आणि कपडे त्यांच्याकडे धुवायला टाकाल तर मराल. शर्ट धुवायच्या पैशांत नवा शर्ट येतो. दोरी घेऊन जा."

"एका रात्रीसाठी दोरी काय करायचीय?"

"प्रवासात दोरी लागतेच. अनुभव आहे माझा."

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे मला पाठ आहे. पण माझं मन नेमकं जनासारखंच निघालं. बॅगेची चेन तुटली तर असावी, एवढ्याच सज्जन हेतूने मी एक सुती दोरी टॉवेलाच्या घडीत दडवली. बायकोला सांगितलं नाही. वाढदिवसाच्या माणसाला सगळंच कशाला सांगायचं?

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी दरबानाने आमच्यासाठी दार उघडलं. मी सवयीने त्याला "आत काम आहे" असं सांगून टाकलं. काउंटरवरच्या मुलीने आमची ओळखपत्रं घेतली, पत्ता वाचला, पुन्हा वाचला, आणि अतिशय हळुवारपणे विचारलं, "सर, घरी काही अडचण आहे का?"

"नाही. का?"

"पत्ता अगदी मागच्याच रस्त्यावरचा आहे. घराचं काम वगैरे निघालंय?"

बायको म्हणाली, "काही निघालेलं नाही. घर जागच्या जागी आहे. म्हणूनच आलोय."

मग आम्हाला मखमली कोचावर बसवून स्वागताचं लाल सरबत दिलं. ग्लासाच्या काठावर फळाची एक फोड खोचलेली होती. ती आधी खायची, नंतर खायची, की नुसती शोभेची समजून सोडून द्यायची, याचा विचार करत मी ग्लास तोंडाला लावला. फोड सरबतात पडली आणि सरबत शर्टावर आलं. हा माझा एकुलता एक बरा शर्ट. 'एका रात्रीसाठी दुसरा शर्ट कशाला?' हे माझंच वाक्य, ते बायकोने लिफ्टमध्ये मला पुन्हा ऐकवलं. आणि लिफ्टच्या आरशाशेजारी पितळी पाटीवर लिहिलं होतं, की रात्री जेवणाच्या दालनात कॉलरचा शर्ट असल्याशिवाय प्रवेश नाही.

खोलीबद्दल मी फार बोलणार नाही. आमचं अख्खं घर त्या खोलीत ठेवून वर फिरायला जागा उरली असती. बायकोने पलंगाकडे पाहिलं नाही, झुंबराकडे पाहिलं नाही. ती सरळ गेली आणि सज्ज्याचं दार उघडलं. दोन बाजूंना दोन दगडी खांब, पुढे लोखंडी वेलबुट्टीचा कठडा, खाली चौक, पलीकडे पाणी, आणि वर सगळं आभाळ. ती कठड्यापर्यंत ताठ मानेने चालत गेली.

"कसं आहे?" मी विचारलं.

"मोकळं आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा वेगळाच लागला. मला एकदम फार मोठा माणूस झाल्यासारखं वाटलं.

हॉटेलतर्फे पाहुण्यांना जुनी वास्तू फिरवून दाखवतात. बायको त्या घोळक्याबरोबर निघाली. जाताना म्हणाली, "चहाच्या वेळेला येते. सज्ज्यात मांडायला सांगा. आणि शर्टाचं काय ते बघा."

मी शर्टाचं बघितलं. टेबलावर धुलाईचं दरपत्रक होतं. ते वाचून मी पलंगावर बसलो. अनुभवींचं म्हणणं खरं निघण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे तो धक्का वेगळा. मग मी अंगातले कपडे काढले, हॉटेलचा पांढरा, लोकरी मेंढीसारखा झगा चढवला आणि संगमरवरी टबात शर्ट धुवायला घेतला. डाग निघाला. पण एवढं गरम पाणी एका शर्टावर वाया घालवायचं हे मनाला पटेना, म्हणून बनियन धुतला. मग रुमाल. मग मोजे. हात एकदा लागला की थांबत नाही.

धुतले खरे, पण वाळवायचे कुठे? न्हाणीघरात सगळीकडे गुळगुळीत संगमरवर, नावालासुद्धा खुंटी नाही. सज्ज्यात मात्र पाण्यावरचा झकास वारा सुटला होता. आणि दोन खांब असे समोरासमोर उभे, की बांधणाऱ्याने दुसरं काय मनात धरून ते उभे केले असतील मला सांगा. मी दोरी काढली. बायको यायच्या आत वाळतील, काढून ठेवू, तिला कळायचंही नाही, असा साधा हिशेब. गाठ मी नेहमीची मारली, माझी खास.

चहाची वेळ जवळ आली तसा कपड्यांसकट दोरी सोडायला गेलो, तर शर्टाच्या बाह्यांतलं पाणी ओघळून गाठीत मुरलेलं. सुती दोरी भिजून फुगली होती. मी नखं लावली, दात लावले, गाठ हलेना. माझीच गाठ ती, हलणार कशी? त्या अवस्थेतही मला तिचा थोडा अभिमान वाटला. इतक्यात शर्टाच्या टोकावरून एक थेंब खाली पडला. तो कुठे पडतोय म्हणून मी वाकून पाहिलं. चौकात काही मंडळी कॅमेरे घेऊन उभी होती आणि सगळी माना वर करून थेट माझ्या बनियनाकडे बघत होती. पुढच्या बाई चष्मा काढून पुसत होत्या.

दारावर टकटक झाली आणि मॅनेजर आत आला. काळा सूट, लोण्यासारखा आवाज. दोरी पाहिल्यावर आवाजातलं लोणी वितळलं. "सर, हे आधी काढा. जुन्या इमारतींची समिती आलीय. दर्शनी भागाच्या दुरुस्तीची परवानगी आज मिळणार होती. विनापरवाना एक खिळा जरी नवा दिसला तरी सगळं प्रकरण अडकतं."

"गाठ सुटत नाहीये."

"कशी सुटत नाही?" त्याने कोट काढला आणि तो गाठीशी भिडला. तोही दातांपर्यंत आला होता, एवढ्यात चष्मेवाल्या बाई दोन मदतनिसांसह खोलीत येऊन उभ्या राहिल्या.

"ही दोरी?" बाईंनी विचारलं.

मॅनेजरने घाईने कोट चढवला. "जुनीच आहे, मॅडम. पहिल्यापासूनची."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलला की त्याला थांबता येत नाही. बोटीने येणारे प्रवासी, खाऱ्या पाण्याने भिजलेले त्यांचे कपडे, ते सज्ज्यात वाळत घालायची पूर्वीची पद्धत, असं तो सांगतच सुटला. एक मदतनीस लिहून घेत होता, दुसरा फोटो काढत होता.

"आणि हे कोण?" बाईंनी झग्यातल्या माझ्याकडे बोट केलं.

"हे प्रात्यक्षिक आहेत," मॅनेजर म्हणाला.

सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढून शेवटी मी प्रात्यक्षिक झालो. तोंड उघडणार होतो, पण बाई गाठीपाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "वा. असं काम आता कोण करतं? जुन्या हातांची गाठ आहे ही." आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? इतक्या जाणकार तोंडून असं कौतुक मला जन्मात मिळालं नव्हतं. मी गप्प राहिलो आणि शक्य तितका प्रात्यक्षिकासारखा उभा राहिलो.

तेवढ्यात बाई मदतनिसाला म्हणाल्या, "लिहा. दोरी कपड्यांसह जैसे थे. अहवाल मंजूर होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

जैसे थे हे आमच्या खात्याचं लाडकं वाक्य. ते मी स्वतः कितीतरी ओट्यांवर आणि पडव्यांवर लिहून आलोय. अहवाल कधी मंजूर होतो ते मला विचारू नका, मी त्याच धंद्यातला आहे.

आणि नेमका तेव्हाच हॉटेल फिरणारा घोळका खोलीच्या दारात आला. दाखवणाऱ्या माणसाने गर्दी पाहून 'इथेही काहीतरी बघण्यासारखं दिसतंय' म्हणून सगळ्यांना आत घेतलं. बाईंनी उत्साहाने सगळ्यांना दोरी समजावून सांगितली. पाहुण्यांनी माना डोलावल्या, माझ्या मोज्यांचे फोटो काढले.

बायको सगळ्यात मागे होती. तिने दोरी पाहिली, बनियन पाहिला, मला पाहिलं.

"तुम्हाला नवल वाटतंय ना?" बाईंनी तिला विचारलं.

"छे हो," बायको म्हणाली. "आमच्याकडे अजून चालू आहे ही पद्धत."

सगळे हसले. ती हसली नाही. रागावली असती तर मला परवडलं असतं, तिच्या रागाला मी सरावलोय. पण ती सरळ सज्ज्यातल्या खुर्चीकडे निघाली, आणि दोरीपाशी आल्यावर तिने सवयीने मान खाली वाकवली, शर्टाची बाही तोंडावरून बाजूला केली, आणि खुर्चीत जाऊन बसली. घरी रोज करते तसं, अगदी तसंच. मला फार वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या आभाळाखाली आणूनही मी तिला वाकायला लावलं होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "ही दोरी माझी आहे."

मॅनेजरने झुंबराकडे पाहायला सुरुवात केली.

"म्हणजे?"

"दुपारी बांधली. दोरी माझी, शर्ट माझा. हॉटेलचा काही संबंध नाही."

"आणि बनियन?"

"तोही माझाच."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काय करता तुम्ही?"

"मोजणी खात्यात आहे."

"मग पाहणीच्या वेळी असलं काही केल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे म्हणूनच बोलतोय, मॅडम. तुमचा अहवाल मंजूर होईपर्यंत आम्ही दोघं असू की नसू कोण जाणे. हिला आज चहा प्यायचाय. आज पन्नास वर्षांची झाली ती. समोर दोरी नको, एवढंच मागितलं होतं तिने."

बाईंनी वळून सज्ज्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. मग मदतनिसाला म्हणाल्या, "खोडा ते." तो बिचारा हिरमुसला. त्याची दोरीवर दोन पानं लिहून झाली होती. "आणि तुम्ही," त्या मॅनेजरला म्हणाल्या, "चला. इथे आणखी काय काय पहिल्यापासूनचं आहे ते मला एकदा नीट दाखवा." मॅनेजर शिक्षकामागे जाणाऱ्या पोरासारखा त्यांच्यामागे गेला. दारातून बाई वळल्या. "दोरी लगेच काढा."

काढा म्हणणं सोपं होतं. मी पुन्हा गाठीला भिडलो. पाहुणे जागचे हलले नव्हते, उलट दोघांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. एकाने पाणी लावा म्हटलं, दुसऱ्याने मीठ लावा म्हटलं. मला अनुभवींची आठवण झाली.

"सरका," बायको म्हणाली.

तिने केसातली पिन काढली, गाठीत एका ठिकाणी खुपसली, जरा फिरवली, आणि माझी खास गाठ सुटून दोरी खाली पडली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ते एकेक करून बाहेर गेले.

"तुला कसं जमलं?" मी चाट पडलो.

"तुमच्या गाठीला एक कच्ची बाजू असते. तिथून सुटते."

"पण घरची गाठ..."

"घरची तुमची नाही," ती कपडे गोळा करत म्हणाली. "तुमची पहिल्याच आठवड्यात सुटली. धुतलेले सगळे कपडे खाली रस्त्यावर गेले होते. तेव्हापासून माझी आहे."

"आणि मी लोकांना दाखवतो तेव्हा तू स्वयंपाकघरात का जातेस?"

"हसायला."

चहा आला. मी झग्यातच तिच्याशेजारी बसलो. कॉलरचा शर्ट ओला, म्हणजे जेवणाचं दालन गेलंच होतं, पण तिला त्याचं काही नव्हतं. पाण्यावरचा उजेड हळूहळू उतरत गेला. ती कप दोन्ही हातांत धरून नुसती बघत होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मधे काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. जिन्यात अनुभवी टपलेले होतेच. "दोरी उपयोगी पडली की नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "फार." ते खूश होऊन गेले.

वर आल्यावर मी चपला काढल्या आणि सरळ गॅलरीत गेलो. बायकोची पिन मागून घेतली. तिची गाठ मला सुटेना, कारण तिला कच्ची बाजूच नाही. शेवटी सुरी आणून कापली. आता आमचे कपडे गच्चीवर वाळतात. बादली घेऊन मी वर चढतो, मीच उतरतो, आणि गच्चीवरची दोरी मी तिच्याकडून बांधून घेतलीय.

त्या संध्याकाळी मी चहा केला आणि खुर्ची गॅलरीत मांडली. ती आली आणि दारातून बाहेर पाऊल टाकताना सवयीने मान वाकवली, मग थांबली, आणि सरळ झाली. समोरच्या बिल्डिंगीत प्रत्येक गॅलरीत कपडे लटकत होते. चादरी, फ्रॉक, कोणाचे तरी बनियन. आभाळ असं फारसं दिसतच नव्हतं.

"दोऱ्या दिसतातच की," मी ओशाळून म्हणालो.

तिने चहाचा घोट घेतला. "दिसू देत," ती म्हणाली. "त्यांच्या आहेत."